दूरच्या फंक्शनला हाक: ब्राउझरात आरपीसी अर्धंच का चालतं?

सावद्याजवळच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी मी पावत्यांचं ॲप करून दिलं होतं. शेतातून माल आला की काट्यावर वजन करायचं, वजावट टाकायची, त्या दिवसाचा भाव लावायचा आणि पावती द्यायची, काम एवढंच. चौथ्या दिवशी सकाळी मुनीमकाकांचा फोन आला. "ताई, दोन पावत्यांवर एकच नंबर पडलाय. एक पावती रावेरच्या माणसाची, एक यावलच्या. पैसे कोणाच्या नावावर टाकू?"

डेटाबेसात दोन्ही नंबर वेगळे होते. सर्व्हरनं पाठवतानाही वेगळेच पाठवले होते. काकांच्या स्क्रीनवर येईपर्यंत मात्र शेवटचा अंक घसरला आणि शेजारशेजारचे दोन नंबर एक झाले. सर्व्हर गो भाषेत, स्क्रीन जावास्क्रिप्टमध्ये आणि दोघांच्या मधे जीआरपीसी, म्हणजे गूगलची आरपीसी चौकट (फ्रेमवर्क). कुठल्याही भाषेतून कुठल्याही भाषेशी बोला, असं या चौकटी पहिल्याच पानावर सांगतात. बोलता येतं, खोटं नाही. पण जावास्क्रिप्टच्या, त्यातही ब्राउझरच्या ताटात जेवढं पडतं ते पंगतीतल्या बाकीच्यांपेक्षा बरंच कमी असतं. काय कमी पडतं आणि का, ते सांगते.

आरपीसी म्हणजे रिमोट प्रोसीजर कॉल. आपल्याच प्रोग्राममधलं फंक्शन बोलवावं तसं दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन बोलवायचं. घरात बसून "चहा टाक गं" म्हणावं, तितक्या सहज दिल्लीच्या आझादपूर मंडीतल्या अडत्याला "आजचा भाव सांग" म्हणता यावं, ही कल्पना. प्रत्यक्षात मधे दोन मुनीम बसलेले असतात. इकडचा मुनीम तुमचं बोलणं एका छापील फॉर्मवर उतरवतो आणि पाकीट बंद करून पाठवतो. तिकडचा ते फोडून अडत्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवतो. उत्तर त्याच वाटेनं परत. तुम्ही इकडे अहिराणीत बोला, तो तिकडे हरियाणवीत बोलेल. फॉर्म एकच असला की झालं. या मुनीमांना स्टब म्हणतात. जीआरपीसीत फॉर्म म्हणजे प्रोटो फाइल, आणि तिच्यावरून दोन्हीकडचे मुनीम आपोआप तयार होऊन मिळतात. या चौकटींची खरी कमाई तीच.

कल्पना जुनी आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी ती प्रत्यक्षात कशी उतरवायची यावर १९८४ मध्ये निबंध लिहिला. फेसबुकनं २००७ मध्ये थ्रिफ्ट ही आपली आरपीसी चौकट सगळ्यांसाठी खुली केली, गूगलनं २०१५ मध्ये जीआरपीसी. या उत्साहावर पाणी ओतणारा इशाराही जुनाच आहे. सन मायक्रोसिस्टम्समधल्या चौघांनी १९९४ मध्येच लिहून ठेवलं होतं की जवळचं आणि दूरचं बोलावणं एकसारखं भासवायचा खटाटोप फसतो. दूरच्याला वेळ लागतो आणि दूरचं काम अर्धवट होऊ शकतं. घरात चहा सांगितला तर तो येतो किंवा येत नाही. आझादपूरला निरोप धाडला आणि उत्तर आलं नाही, तर निरोपच पोचला नाही, की पोचला, सौदाही झाला आणि उत्तर वाटेत हरवलं, हे सावद्यात बसून कळत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा. काकांच्या काट्यावर तो पुन्हा भेटणार आहे.

सराफाचा काटा आणि ट्रकचा काटा

आधी तो घसरलेला अंक.

जळगावच्या सराफ बाजारातला काटा मिलिग्रॅम दाखवतो, पण त्यावर केळीचा ट्रक चढत नाही. धर्मकाट्यावर ट्रक चढतो, पण तो किलोंच्या टप्प्यांनी बोलतो. तुमच्या बोटातली अंगठी त्याच्या खिजगणतीत नसते. जावास्क्रिप्टचा नंबर हा दोन्ही कामं करायला निघालेला एकच काटा आहे. त्याच्याकडे ६४ बिट असतात. त्यातला १ चिन्हाला जातो, ११ दशांशचिन्ह कुठे सरकवायचं ते सांगायला, आणि खऱ्या अंकांसाठी उरतात ५२. त्यामुळे वजन वाढेल तसा टप्पा रुंदावत जातो. ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंत, म्हणजे दोनाच्या ५३ व्या घाताला एक कमी, प्रत्येक पूर्णांक वेगळा ओळखू येतो. त्यापुढे फक्त सम आकडे उरतात. ५४ व्या घातापुढे फक्त चारच्या पटीतले. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ९००७१९९२५४७४०९९३ टाकून एंटर दाबून बघा. शेवटी ३ ऐवजी २ येईल. लाल अक्षर नाही, इशारा नाही, काही नाही.

गो किंवा जावामधला ६४ बिटांचा पूर्णांक ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंत जातो. जावास्क्रिप्टच्या सुरक्षित मर्यादेच्या हे १०२४ पट झालं. पावत्यांना १, २, ३ असे नंबर दिले असते तर व्यापाऱ्याच्या पणतवंडांपर्यंत काही बिघडलं नसतं. पण मी हौसेनं वेळ, मशीनचा क्रमांक आणि एक मोजणी एकत्र बांधून नंबर करणारी पद्धत वापरली, आणि तिचे नंबर पहिल्या दिवसापासूनच अगडबंब असतात. ट्विटरनं २०१० मध्ये ट्विटांना असेच नंबर द्यायला घेतले, तेव्हा जावास्क्रिप्टवाल्यांसाठी तोच नंबर अक्षररूपात वेगळ्या रकान्यात द्यावा लागला होता. म्हणजे ठेच पुढच्याला लागली होती. मागचा काही शहाणा झाला नाही.

उपाय आहेत. प्रोटो फाइलीत त्या रकान्यापुढे "जावास्क्रिप्टला हा अक्षररूपात दे" अशी खूण करता येते. ती मी केली नव्हती, आणि न केल्यास गूगलच्या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत तो आकडा गुपचूप साधा नंबर होऊन बसतो. प्रोटोकॉल बफर्स म्हणजे जीआरपीसीची पॅकिंगची पद्धत; तिचं जेसन रूप, म्हणजे वाचता येईल अशा मजकुरातलं, असे आकडे मुळातच अवतरणचिन्हांत लिहितं. जावास्क्रिप्टमध्ये २०२० पासून अधिकृतपणे बिगइंट आहे, त्यात कितीही मोठा पूर्णांक मावतो. पण तो नेहमीच्या जेसन फंक्शनला दिला की ते सरळ चूक फेकतं, आणि साध्या नंबरात मिसळून बेरीजही करू देत नाही. मी अक्षररूपच ठेवलं. पावती नंबरांची बेरीज करायची वेळ कोणावर येत नाही.

आकड्यांचा आणखी एक घोळ आहे, तो शून्याचा. प्रोटोकॉल बफर्सच्या तिसऱ्या आवृत्तीत साध्या रकान्याचं मूल्य शून्य असेल तर तारेवर काहीच जात नाही. काकांनी वजावट शून्य लिहिली की लिहायची राहून गेली, पलीकडच्याला दोन्ही सारखंच. शेतकऱ्याला मात्र दोन्ही सारखं नसतं. रकान्याला "ऐच्छिक" ठरवायची सोय मधे काढून टाकली होती, ती २०२१ मध्ये नीट परत आली. पण जावास्क्रिप्टमध्ये फरक हाती आला तरी टिकवावा लागतो, कारण इथे "वजावट आहे का?" असं विचारलं की शून्य, रिकामं आणि नसलेलं, तिघंही मान हलवून "नाही" म्हणतात.

प्रोटो फाइलच नको म्हणून टीआरपीसीसारख्या चौकटीकडे वळलात, तर सगळं टाइपस्क्रिप्टमध्ये, म्हणजे टाइपांची जोड दिलेल्या जावास्क्रिप्टमध्ये, राहतं, लिहायला फार गोड. मात्र टाइप हे कंपाइल होईपर्यंतचे पाहुणे; चालताना ते नसतात, त्यामुळे येणारा माल तपासायला वेगळा पहारेकरी बसवावा लागतो. शिवाय नुसत्या जेसनवर तारीख अक्षर बनून पोचते, मॅप रिकाम्या कंसात बदलतो आणि ठरवलेलं नसलेलं मूल्य गायब होतं.

शेवटची चिठ्ठी

आता मला सगळ्यात रंजक वाटणारा भाग. ब्राउझरमधलं जीआरपीसी खऱ्या जीआरपीसीपेक्षा वेगळं का करावं लागलं, त्याचं कारण एका चिठ्ठीत आहे.

ट्रक निघताना बिल्टी बनते: माल किती, कुठून कुठे. पण माल धड पोचला का, किती काळा पडला, हे शेवटचा क्रेट उतरल्यावरच लिहिता येतं. जीआरपीसीही तसंच वागतं. सर्व्हर हजार ओळी पाठवायला निघाला आणि नऊशेव्या ओळीला डेटाबेस पडला, तर "सगळं ठीक" असं सुरुवातीला लिहून काय उपयोग? म्हणून निकाल शेवटी, माल संपल्यावर येणाऱ्या हेडरांत, म्हणजे मालासोबतच्या माहितीच्या ओळींत, लिहितात. त्यांना ट्रेलर म्हणतात. ० म्हणजे काम झालं, ४ म्हणजे मुदत संपली, १४ म्हणजे सर्व्हर जागेवर नाही, असे ० ते १६ संकेत ठरलेले आहेत.

ट्रेलर ही जीआरपीसीनं काढलेली नवी टूम नाही. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीत ती सोय आधीपासून आहे. अडचण अशी की ब्राउझर पानातल्या कोडला ती चिठ्ठी देत नाही. पानातून सर्व्हरकडे मागणी करायचं ब्राउझरचं फंक्शन म्हणजे फेच. ते वापरा, उत्तर मिळेल, सुरुवातीची हेडरं मिळतील, शेवटची मिळणार नाहीत. सर्व्हरवरच्या प्रोग्रामला गोडाउनात शिरता येतं, ट्रकवर चढता येतं. पानातल्या जावास्क्रिप्टला फक्त खिडकी आहे. आतून जे सरकवतील ते घ्यायचं. थेट टीसीपी जोडणी उघडता येत नाही, एचटीटीपी २ मधले सुटे तुकडे (फ्रेम) हातात येत नाहीत. अनोळखी संकेतस्थळावरचं कोड तुमच्या मशीनवर चालतं, म्हणून हा बंदोबस्त आहे, आणि तो योग्यच आहे. पण जीआरपीसी बांधलं गेलं ते गोडाउनात वावरणाऱ्यांसाठी.

यावर २०१८ मध्ये स्थिर झालेल्या जीआरपीसी-वेबनं देशी तोडगा काढला: चिठ्ठी मालातच टाकायची. प्रत्येक संदेशाआधी ५ बाइट असतात, एक खुणेचा आणि चार लांबीचे. खुणेच्या बाइटमधला सगळ्यात वरचा बिट पेटलेला असला की समजायचं, हा माल नाही, ही चिठ्ठी. युक्ती छान आहे. फक्त साधा जीआरपीसी सर्व्हर ती ओळखत नाही, म्हणून मधे दुभाषी बसवावा लागतो. बहुतेक ठिकाणी ते काम एन्व्हॉय नावाचा प्रॉक्सी करतो. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट कोअरसारख्या काही सर्व्हर-चौकटींना ही बोली स्वतःच येते, त्यांना दुभाषी लागत नाही. मला लागला. अख्ख्या ॲपपेक्षा त्या दुभाष्याची सेटिंग फाइल जुळवण्यात माझा जास्त वेळ गेला, हे व्यापाऱ्याला मी अजून सांगितलेलं नाही.

याचाच एक चकवा नवख्यांना हमखास गाठतो. काम फसलं तरी ब्राउझरच्या नेटवर्क यादीत २०० दिसतं, हिरवंगार, कारण एचटीटीपीच्या हिशेबानं पाकीट व्यवस्थित पोचलं. आत चिठ्ठीवर १४ लिहिलंय, ते पाकीट फोडल्याशिवाय दिसत नाही, आणि आतला मजकूर बायनरी. कधीकधी सर्व्हर माल न पाठवता नुसती चिठ्ठीच सुरुवातीच्या हेडरांत पाठवतो. पान एका डोमेनवर आणि सर्व्हर दुसऱ्या डोमेनवर असेल, तर ती हेडरं पानाला दाखवायची परवानगी सर्व्हरनं नाव घेऊन द्यावी लागते. नाही दिली तर कारणाशिवाय "अज्ञात चूक" एवढंच कळतं. त्यात मी एक अख्खी दुपार घालवली.

एकतर्फी गप्पा

जीआरपीसीत बोलायच्या चार तऱ्हा आहेत. एक प्रश्न, एक उत्तर. एक प्रश्न आणि मग उत्तरांची धार: भाव बदलेल तसा कळवत राहा. उलट, प्रश्नांची धार आणि शेवटी एक उत्तर: एकेका क्रेटचं वजन पाठवत राहतो, शेवटी बेरीज सांग. चौथी, दोघांनी एकाच वेळी बोलायचं. ब्राउझरात यातल्या पहिल्या दोनच मिळतात.

कारण पुन्हा खिडकी. फेचला पाठवायचा मजकूर पूर्ण तयार हवा असायचा. क्रोमनं २०२२ मध्ये, १०५ व्या आवृत्तीत, तो थोडा थोडा पाठवायची मुभा दिली, पण अटीसह: जोडणी एचटीटीपी २ किंवा त्यापुढची हवी, आणि आपलं सगळं बोलून संपेपर्यंत समोरच्याचं उत्तर हाती येणार नाही. दोघांनी एकाच वेळी बोलायचा प्रश्न त्यानं सुटत नाही, आणि सगळ्या ब्राउझरांवर विसंबावं अशी ती सोय नाही.

मिळणारी उत्तरांची धारही बिनखर्चाची नाही. गूगलच्या स्वतःच्या जीआरपीसी-वेब क्लायंटमध्ये ती फक्त मजकुराच्या रूपात मिळते, म्हणजे बायनरी माल बेस६४ मध्ये गुंडाळून. तीन बाइटांचे चार होतात. मोबाइलवर नेटचा एकच दांडा दिसत असताना एक तृतीयांश जादा ओझं जाणवतं. आणि जोडणी जुन्या एचटीटीपी १.१ वर असेल तर ब्राउझर एका ठिकाणाशी साधारण सहाच जोडण्या उघडतो. काकांनी भावाचं पान सहा टॅबांत उघडून ठेवलं, प्रत्येकात धार चालू, आणि सातवा टॅब नुसता गोल फिरत बसला. काकांनी निदान केलं, "नेट गेलं." नेट होतं.

दोन्हीकडून बोलायचंच असेल तर वेबसॉकेट आहे. त्याचं मानक २०११ पासून ठरलेलं आहे. पण तो नुसता पाइप. कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं, मुदत किती, चूक कशी कळवायची, समोरचा दमला तर थांबायचं कसं, हे सगळं वरून आपणच बांधायचं. म्हणजे आरपीसी चौकट पुन्हा हातानं विणायची.

थ्रिफ्टची तऱ्हा थोडी निराळी. त्याचं आश्वासन असं की वाहतूक वेगळी निवडा, पॅकिंग वेगळं निवडा, हवी तशी जोडी लावा. भाषावार कोणाला काय मिळतं याचा तक्ता त्यांच्याच दस्तऐवजांत आहे, आणि नोडची, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टची, ओळ वेगळी, ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टची वेगळी. ब्राउझरच्या लायब्ररीचा भर सुरुवातीपासून जेसनवर राहिला, म्हणजे सर्व्हरनंही जेसन बोलायला हवं. आटोपशीर बायनरीसाठी थ्रिफ्ट घेतलं असेल तर इथेच ती बचत संपली. मी आता कुठलीही चौकट निवडताना आधी असा तक्ता शोधते आणि मगच पहिलं पान वाचते.

नोडचं म्हणाल तर तिथे रडगाणं नाही. त्याच्याकडे एचटीटीपी २ हातात आहे, चारही तऱ्हा चालतात. पूर्वी सी भाषेतल्या गाभ्यावर बसवलेली लायब्ररी होती, ती २०२१ मध्ये निवृत्त झाली. आता निखळ जावास्क्रिप्टमधली वापरतात. भाषा तीच, पण एकीला गोडाउनाची किल्ली आणि दुसरीला खिडकी. "जावास्क्रिप्टमध्ये चालतं" असं कोणी म्हटलं की कुठल्या जावास्क्रिप्टमध्ये, हे विचारायलाच हवं.

थांबणं

जावासारख्या भाषेत एक धागा उत्तराची वाट बघत उभा राहिला तरी बाकीचे काम करतात. पानातल्या जावास्क्रिप्टचा मुख्य धागा एकच. तो थांबला की बटण दबत नाही, पान सरकत नाही. म्हणून दूरचं फंक्शन बोलावलं की हाती उत्तर नाही, वायदा मिळतो, प्रॉमिस. त्याच्यासाठी अवेट लिहावा लागतो, मग ज्या फंक्शनात तो लिहिला त्याला बोलावणाऱ्यालाही, मग त्याच्या वरच्यालाही. केळीचा चीक सदऱ्याला लागावा तसा तो पसरतो आणि कितीही धुतला तरी निघत नाही. लोक याबद्दल कुरकुर करतात. मला मात्र वाटतं, या एका बाबतीत जावास्क्रिप्ट बाकीच्यांपेक्षा प्रामाणिक आहे: हे काम दूरचं आहे, वेळ लागेल, ते ती लपवू देत नाही.

वेळ लागेल इतकंच ती सांगते. अर्धवट राहील, हे सांगत नाही.

नंबरांचा घोळ मिटवून पंधरा दिवस झाले असतील. पुन्हा काकांचा फोन. "ताई, मागं दोन मालांचा एक नंबर आला होता. आता एकाच मालाचे दोन नंबर आलेत." काट्यावर नेट लटकलं होतं. मी ठेवलेली दहा सेकंदांची मुदत संपली, ब्राउझरनं हात वर केले, स्क्रीनवर "पुन्हा प्रयत्न करा" आलं, काकांनी बटण दाबलं. पहिला निरोप मात्र सर्व्हरला पोचलेला होता आणि त्याची पावती फाटलेली होती. उत्तर तेवढं वाटेत राहिलं. १९९४ सालचा इशारा सावद्याच्या काट्यावर येऊन उभा होता.

प्रत्येक मालाला काहीतरी कायमची खूण हवी होती, म्हणजे तोच माल दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर जुनीच पावती परत देईल. ब्राउझरात यादृच्छिक खूण बनवून ठेवता येते, पण काकांना पान रिफ्रेश करायची सवय, आणि रिफ्रेश केलं की ती खूण गेली. मी विचारलं, "काका, ॲप नव्हतं तेव्हा तुम्हाला कसं कळायचं, हा माल लिहिलाय की राहिलाय?"

त्यांनी गल्ल्याखालून कच्ची वही काढली. गाडी फाटकातून आत आली की वजनाआधीच ते तिच्यात अनुक्रमांक टाकत होते, ॲप आल्यावरही रोज टाकत होते. आता फॉर्ममधला पहिला रकाना वहीच्या त्या अनुक्रमांकाचा आहे. तो तारखेला जोडला की खूण तयार. आकडा लहान आहे, तरी मी तो अक्षररूपातच ठेवला.